दोमितिलाचे दात

मूळ म्हणू नये त्याला.
मूळ मातीत शिरतं, काहीतरी मागून घेतं.
हा नुसता खडक धरून बसतो,
पंजा म्हणा, हट्ट म्हणा,
आणि वर दहा-दहा हात लांब चामडी पट्टे
दिवसरात्र लाटांचा मार खात लोळत असतात.
तुटत नाहीत.
सुरीनं उभा चिरून बघा, आत मधाचं पोळं,
फक्त मधाऐवजी हवा.
म्हणून तरंगतो.

चिलीच्या दक्षिणेत, तिरुआच्या किनाऱ्यावर,
दुकानदार त्याला कोचायुयो म्हणतात.
दोमितिला मारिपिल म्हणते कोल्योफ,
आईच्या भाषेत, आणि तेही जरा हळू,
एखाद्या वडीलधाऱ्याचं नाव घ्यावं तसं.

ओहोटीला ती कमरेइतक्या पाण्यात उतरायची,
वर नवरा दोर धरून.
एक डोळा विळ्यावर, एक लाटेवर.
सातव्या लाटेला नातं कळत नाही,
असं फर्मिन म्हणायचा.
त्याला ती लाट भेटली नाही. तो न्यूमोनियानं गेला.

कापलेलं वाळूवर पसरायचं.
ओलं असताना काळपट, हात लावला तर बुळबुळीत.
ऊन खातं, रात्री दव पितं,
मग कोऱ्या चहासारखं होतं,
मग गुळासारखं,
मग तिच्या मधल्या मुलीच्या केसांसारखं,
जी सांतियागोला गेली आणि फोन करते, रविवारी.

मग जुड्या. मग बैलगाडीवर रास,
गाडी दिसेनाशी होईपर्यंत.
क्लावेल आणि लुसेरो जुवाला,
तेमुको शहर चार दिवसांवर.
तिथं दारोदार:
रात्रभर भिजत घाला, बाई.
पहिलं पाणी फेकून द्या, खारट असतं.
बटाट्याबरोबर शिजवा, कांदा सढळ हातानं.
बाळ आहे का घरात?
मग हा तुकडा घ्या. नको, याचे पैसे नको.
दात येताना हिरड्या शिवशिवतात,
चावू दे त्याला.

तिच्याही गळ्यात लोकरीच्या दोऱ्यानं
असाच एक तुकडा बांधला होता.
तिला आठवत नाही. हिरड्यांना आठवत असेल.

यंदा मार्चमध्ये त्याच शहरात, सरकारी दवाखान्यात,
ती मागे कलणाऱ्या खुर्चीत पडलेली.
खाली सात दात, वर एकही नाही.
डॉक्टर आन्तोनेला, वय असेल अठ्ठावीस,
रबरी वाडग्यात गुलाबी पूड पाण्यात घोटते, भराभर,
पिठलं गुठळी धरू नये तशी,
साच्यात भरते, तोंडात दाबते.
नाकानं श्वास घ्या. हलू नका. दोन मिनिटं.

पुदिन्याचा वास.
त्याच्या मागे, बराच मागे,
धुक्यातून बैलाच्या घंटेसारखं काहीतरी.
दोमितिलाचे डोळे मोठे होतात.
तोंड भरलेलं. हातानंच विचारते.
दुखतंय का? नाही, नाही.
साचा निघाला, चपकन आवाज करत,
आत तिची हिरडी उलटी उमटलेली,
ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकासारखी.

हे कशाचं गं?
अल्जिनेट. तपकिरी समुद्रशेवाळातून काढतात.
पाण्यात पडलं की घट्ट होतं, जसं हवं तसं.
आइस्क्रीममध्ये असतं. जखमेच्या पट्टीतही.
कुठल्या समुद्रातलं?
डॉक्टर पाकीट उलटंसुलटं करते.
इथं जर्मनी लिहिलंय.

जर्मनी!
दोमितिला बोळक्या तोंडानं हसते,
डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
हेच नसेल, याच्या भावकीतलं असेल,
पण एक रात्र अजून भिजवायला हवं होतं.

मग पिशवीतून जुडी काढते, टेबलावर ठेवते.
चुन्यासारखा पांढरा हातमोजा काढत डॉक्टर म्हणते,
अहो, फी नाही इथं.
फी कुठं देतेय?
बाळ आहे का घरात?

डॉक्टर उठून दार लोटून घेते.
जुलैत, म्हणते. कोणाला सांगितलं नाही अजून.

दोमितिला जुडी परत ओढते,
गाठ सोडते,
आणि एकेक पट्टा अंगठ्यानं दाबून बघत
जाडसर तुकडा शोधू लागते.